कोमल पावलांची पहिली परीक्षा : लॉर्ड बेडन पॉवेल यांचे जीवन

पावसाळा ओसरून शाळेचे मैदान सुकू लागले, की आपल्या वसतिगृहाच्या ओट्यावर एक ठरलेले दृश्य दिसू लागते. सायंकाळची वंदना आटोपलेली असते, जेवणाच्या घंटेला थोडा अवकाश असतो, आणि पाचवी-सहावीची मुले हातभर दोरीचे तुकडे घेऊन खांबांभोवती बसलेली असतात. कोणी गाठ मारतो, कोणी ती सोडवतो, कोणी स्काऊटचे नऊ नियम बोटांवर मोजत पाठ म्हणतो. ‘प्रवेश’ची परीक्षा जवळ आलेली असते. आम्हीही याच ओट्यावर, याच खांबांना दोऱ्या गुंडाळीत त्या परीक्षेची तयारी केली. घरापासून दूर आलेल्या मुलाला आपणही काही करू शकतो, असे पहिल्यांदा वाटते ते पुष्कळदा या दोरीच्या गाठीमुळेच.

या परीक्षेत एक प्रश्न हटकून असतो. स्काऊट चळवळीचे संस्थापक कोण, त्यांचा जन्म केव्हा झाला, पहिले शिबिर कोठे भरले? आम्ही ती उत्तरे घोकली, परीक्षेत सांगितली आणि गळ्यात स्कार्फ घातला. पुढे वाचन वाढले तेव्हा मात्र या थोर पुरुषाच्या चरित्रातील काही पाने अशी आढळली, की मन खिन्न झाले. आपल्या समाजातील काही पालकांनीही आम्हांस विचारले आहे, की ज्यांच्या साम्राज्याने आपल्या मुलांना दाराबाहेर उभे केले, त्यांच्या तसबिरीला आपल्या मुलांनी वंदन का करावे? प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देण्यापेक्षा ते जीवन होते तसे सांगावे, या हेतूने आम्ही हे चरित्र लिहीत आहोत.

रॉबर्ट स्टीफन्सन स्मिथ बेडन पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. वडील ऑक्सफर्ड विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक होते. विख्यात रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन हे बाळाचे धर्मपिता. त्यांचेच नाव मुलास ठेवण्यात आले. मूल तीन वर्षांचे असताना, १८६० मध्ये, वडिलांचे निधन झाले. आई हेन्रिएटा ग्रेस हिने मोठ्या कुटुंबाचा भार एकटीने उचलला आणि मुलांच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही. वडिलांमागे आईने वाढवलेल्या मुलाचे जीवन काय असते, हे आपल्या वसतिगृहातील अनेकांना वेगळे सांगावे लागणार नाही.

चार्टरहाऊस या नामांकित शाळेत रॉबर्टला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. अभ्यासात तो चमकला असे नाही. नाटक, चित्रकला व गाणे यांत तो रमे. पुढे ही शाळा लंडनहून गोडाल्मिंग या गावी हलली. तेथे शाळेलगत झाडीचा एक पट्टा होता आणि त्यात जाण्यास विद्यार्थ्यांना मनाई होती. रॉबर्ट त्या झाडीत गुपचूप शिरे, ससा पकडी आणि धूर दिसणार नाही असा लहानसा जाळ करून तो शिजवी. शिक्षकांची चाहूल लागताच झाडाच्या फांदीवर निश्चल बसून राहण्याचा सराव त्याने तेथेच केला. नियम मोडण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. तथापि चाहूल घेणे, माग काढणे, दोन काड्यांत आग पेटवणे हे विषय पुढे त्याने जगभरच्या मुलांच्या अभ्यासक्रमात घातले आणि त्यांचा उगम त्या झाडीत होता, हे विसरता येत नाही.

शाळा संपल्यावर ऑक्सफर्डचे दार त्याला उघडले नाही. प्राध्यापकाच्या मुलाला वडिलांच्याच विद्यापीठात प्रवेश मिळू नये, ही त्या घरासाठी लहान गोष्ट नव्हती. त्याच वर्षी, १८७६ मध्ये, तो सैन्याच्या खुल्या परीक्षेस बसला आणि इतक्या वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला, की सैनिकी विद्यालयाचे शिक्षण न घेताच त्याची थेट १३ व्या हुसार्स या घोडदळात नेमणूक झाली. ही पलटण त्या वेळी लखनौस होती. अशा रीतीने एकोणीस वर्षांचा हा तरुण अधिकारी भारतात आला.

भारतातील वास्तव्यात त्यांना एका गोष्टीची गोडी लागली, ती म्हणजे टेहळणीची. शत्रूच्या मुलखात एकट्याने जावे, पाऊलखुणा वाचाव्यात, न दिसता पाहावे आणि पाहिलेले अचूक सांगावे, ही विद्या सैनिकांना रीतसर शिकवली जात नसे. १८८४ मध्ये त्यांनी या विषयावर एक पुस्तक लिहिले. पुढे १८९७ पासून मेरठ येथे ५ व्या ड्रॅगून गार्ड्स या पलटणीचे प्रमुख असताना त्यांनी शिपायांच्या लहान लहान तुकड्या केल्या, त्यांच्यावर जबाबदारी टाकली आणि या विद्येत तयार झालेल्या शिपायास होकायंत्रावरील उत्तर दिशेच्या खुणेचे चिन्ह दिले. आपल्या मुलांच्या स्काऊट चिन्हावर आज जी तीन पाकळ्यांची आकृती दिसते, तिचा हा पूर्वज होय. म्हणजे या चळवळीच्या बीजाचा काही अंश भारतीय मातीत रुजला आहे.

आफ्रिकेतही त्यांनी बराच काळ घालवला. झुलू, अशांती व माताबेले या लोकांविरुद्धच्या मोहिमांत ते होते. स्काऊट डाव्या हाताने हस्तांदोलन करतात, याचा संबंध अशांती मोहिमेशी जोडणारी एक कथा सांगितली जाते. तेथील योद्धे डाव्या हातातील ढाल खाली ठेवून तो हात पुढे करीत, कारण ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्यासमोर ढालीची गरज नसते. कथा सुंदर आहे. मात्र ज्या देशाचा राजा प्रेंपे यास त्या मोहिमेत पदच्युत करून परागंदा करण्यात आले, त्याच देशाची ही कथा आहे, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

बेडन पॉवेल यांचे नाव घरोघर पोहोचले ते माफेकिंगच्या वेढ्यामुळे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ऑक्टोबर १८९९ ते १७ मे १९०० असे २१७ दिवस त्यांनी हे लहानसे गाव अल्प सैन्यानिशी लढवले. त्यांनी खोटे सुरुंग पेरले. नसलेले काटेरी कुंपण ओलांडल्याचा अभिनय शिपायांकडून करविला, म्हणजे दूरवरच्या शत्रूस कुंपण आहे असे वाटावे. गावातील किशोरवयीन गोऱ्या मुलांचे एक पथक उभारले गेले आणि त्यांना निरोप पोहोचवणे, पहारा ठेवणे अशी कामे देण्यात आली. ही मुले पुढे सायकलींवरून गोळीबारातही निरोप नेत. मुलांवर विश्वास टाकला तर ती त्यास पात्र ठरतात, हा धडा बेडन पॉवेल यांनी येथे घेतला. वेढा उठल्याची बातमी येताच लंडनचे रस्ते माणसांनी फुलून गेले आणि त्रेचाळीस वर्षांचा हा अधिकारी मेजर जनरल झाला.

परंतु त्याच गावाला लागून बारोलाँग लोकांची वस्ती होती. त्या काळ्या माणसांनी वेढ्याच्या काळात पहारे केले, शस्त्र धरले, शत्रूच्या रांगांतून निरोप नेले. धान्याची वाटणी झाली तेव्हा मात्र गोऱ्यांचा आणि काळ्यांचा वाटा सारखा नव्हता. उपासमारीने मेलेल्यांत काळी माणसेच अधिक होती आणि विजयाच्या गौरवात त्यांचा उल्लेख नावापुरताच झाला. त्या वेढ्यात दुभाषाचे काम करणारा सोल प्लात्ये नावाचा एक तरुण रोज दैनंदिनी लिहीत होता. पुढे १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील काळ्या लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा तो तिचा पहिला सरचिटणीस झाला. त्याची दैनंदिनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि वेढ्याची दुसरी बाजू जगापुढे आली. ज्याचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही, त्याने तो स्वतः लिहून ठेवावा, ही शिकवण आम्हांस बेडन पॉवेल यांच्या चरित्रातून नव्हे, तर त्या चरित्राच्या कडेला उभ्या असलेल्या प्लात्येकडून मिळाली.

युद्धावरून परतल्यावर त्यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. शिपायांसाठी लिहिलेले त्यांचे टेहळणीचे छोटे पुस्तक शाळेतील मुले आणि शिक्षक आवडीने वाचत होते. मग मुलांसाठीच या विद्येची मांडणी का करू नये? त्यांनी बराच अभ्यास केला आणि ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राऊनसी बेटावर एक प्रयोग केला. वीसएक मुले निवडली. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतील मुले होती, तशीच पूल व बोर्नमथ येथील कामगारांच्या घरचीही होती. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन प्रकारची मुले एका पंगतीस बसत नसत. येथे त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येकास पशुपक्ष्याचे नाव दिले. संघात कोण कोणाच्या घरचा, हे उरले नाही. आफ्रिकेतून आणलेले कुडू हरणाचे शिंग फुंकून सकाळी मुलांना उठवले जाई. आपल्या मुलांना आज संघपद्धती म्हणून जे शिकवले जाते, ती सारी त्या आठवड्यात सिद्ध झाली.

जानेवारी १९०८ पासून ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक पाक्षिक भागांनी निघू लागले. कोणी सांगण्याची वाट न पाहता मुलांनी आपापले संघ उभे केले. तेव्हा एक प्रश्न आला. स्काऊट कोणास म्हणावे? त्याचे उत्तर म्हणून बेडन पॉवेल यांनी पहिल्या पायरीची परीक्षा घालून दिली. तिचे नाव ‘टेंडरफूट’, म्हणजे ज्याचे तळवे अजून वाटेने घट्टे पडून टणक झालेले नाहीत असा नवखा. आपल्याकडे पूर्वी तिला ‘कोमलपद’ म्हणत. आजची ‘प्रवेश’ ही तिचीच लेक.

ती परीक्षा पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. स्काऊटचे नियम, खुणा आणि वंदन माहीत असावे. राष्ट्रध्वजाची रचना आणि तो फडकवण्याची योग्य रीत सांगता यावी. दिलेल्या गाठींपैकी चार गाठी मारता याव्यात. एवढेच. मग वचन घ्यावयाचे आणि चिन्ह लावावयाचे. बळकट शरीर, मोठी फी, शहरी भाषा, वडिलांचा हुद्दा यांपैकी कशाचीही अट नाही. ऑक्सफर्डच्या उंबरठ्यावरून परत फिरलेल्या माणसाने मुलांसाठी जे दार बांधले, ते मुद्दामच रुंद ठेवले, असे आम्हांस वाटते. त्याने गुणांची यादी लावली नाही, पहिला-दुसरा क्रमांक काढला नाही. मुलाने किती प्रयत्न केला, यास तो अधिक मोल देई.

दुसऱ्या पायरीची परीक्षा मात्र पाय टणक करणारी होती. एक महिना टेंडरफूट म्हणून काम केलेले असावे. प्रथमोपचार व पट्टी बांधणे यावे. झेंड्यांची किंवा मॉर्सची संकेतलिपी यावी. थोडे धावत, थोडे चालत एक मैल अंतर बारा मिनिटांत कापावे. दोनहून अधिक काड्या न वापरता जाळ पेटवावा आणि त्यावर पाव पौंड मांस व दोन बटाटे शिजवावेत. होकायंत्राच्या सोळा दिशा सांगाव्यात. चोवीस वस्तू एक मिनिट पाहून त्यांपैकी सोळा आठवाव्यात. या खेळास ‘किमचा खेळ’ म्हणतात. रुडयार्ड किपलिंग यांच्या भारतातील कथानकावर रचलेल्या ‘किम’ या कादंबरीवरून ते नाव आले. आणि शेवटची अट अशी, की बचत बँकेत निदान सहा पेन्स स्वतःचे जमा असावेत. आपल्या मुलांच्या ‘खरी कमाई’ उपक्रमामागेही स्वकष्टाच्या पैशाचा हाच विचार आहे.

गाठींविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण आमच्या पिढीस त्या शहाणपण शिकवून गेल्या. रीफ नॉट पट्टीवर बांधतात. ती सपाट बसते, रुग्णास टोचत नाही आणि सोडवताना लवकर सुटते. डावे टोक उजव्यावर आणि मग उजवे डाव्यावर, हा क्रम चुकला की ती निसटते. शीट बेंडने जाड चऱ्हाट व बारीक सुतळी एकमेकींस जोडता येतात. क्लोव्ह हिच खुंट्यास घट्ट धरते. गुरे बांधणाऱ्या घरातील मुलास ती शिकवावी लागत नाही, केवळ तिचे इंग्रजी नाव सांगावे लागते. बोलाइनचा फास ओढला तरी आवळत नाही, म्हणून विहिरीत पडलेल्यास वर काढण्यास तो उपयोगी. शीपशँकने लांब दोर न कापता आखूड करता येतो. परीक्षेच्या आदल्या रात्री डोळे मिटून, पाठीमागे हात नेऊन या गाठी मारण्याचा सराव करावा, असा सल्ला आम्ही आजही देऊ. अंधारात जी गाठ बसते, तीच खरी येते.

१९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे स्काऊटांचा पहिला मोठा मेळावा भरला. तेथे काही मुली टोप्या घालून, न बोलावता हजर झाल्या आणि आम्हीही स्काऊट आहोत, असा आग्रह धरून बसल्या. त्यांना परत पाठवता येईना. पुढल्या वर्षी भगिनी ॲग्नेस यांच्या साहाय्याने गर्ल गाइड्सची स्थापना झाली. त्याच १९१० साली बेडन पॉवेल सैन्यातून निवृत्त झाले आणि उरलेले आयुष्य त्यांनी मुलांना दिले. १९१२ मध्ये ओलेव्ह सोम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतिपत्नींची जन्मतारीख एकच. त्या दिवशी जगभर चिंतन दिन पाळला जातो. १९२० मध्ये लंडन येथे पहिली जागतिक जांबोरी भरली आणि तेथे त्यांना जगाचे चीफ स्काऊट म्हणून घोषित करण्यात आले.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात १९०९ मध्ये बंगळूर येथे कॅप्टन बेकर यांनी पहिले पथक काढले. पुढील एक-दोन वर्षांत खडकी, लोणावळा, जबलपूर अशा ठिकाणी पथके निघाली. पण ती केवळ युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. म्हणजे खडकीच्या मैदानावर रुंद बांधलेले ते दार मैदानाबाहेर उभ्या असलेल्या मराठी मुलास बंद होते. आपल्या समाजास बंद दारांची ओळख नवी नाही. विहीर, देऊळ, शाळा, सर्वत्र ती होती.

दार कोणी उघडून दिले नाही, ते उघडावे लागले. १९१६ मध्ये मद्रास येथे ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीच्या वतीने स्काऊट पथके उभारली. १९२१ मध्ये बेडन पॉवेल स्वतः भारतात आले आणि बेझंट यांची संघटना मुख्य चळवळीत सामील झाली. १९३७ मध्ये दिल्लीच्या जांबोरीसाठी ते पुन्हा आले. त्या वेळी भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांनी अनेक जण दुखावले आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन वेगळी झाली. दक्षिण आफ्रिकेतही काळ्या मुलांना ‘पाथफाइंडर’ या वेगळ्या नावाखाली ठेवण्यात आले होते. विश्वबंधुत्वाचा नियम लिहिणारा हात त्या नियमाइतका पुढे गेला नाही, हे आम्ही स्पष्टपणे नोंदवतो.

स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाइड्स’ स्थापन झाली. मुलांच्या परीक्षेत परक्या ध्वजाच्या जागी तिरंगा आला, राजाच्या जागी देश आला. वचनात ईश्वर या शब्दाऐवजी धर्म हा शब्द घेण्याची मुभा मिळाली. आपल्या शाळेतील मुले दीक्षाविधीच्या दिवशी तीन बोटे उंचावून त्याच शब्दाने वचन घेतात, तेव्हा समोर बसलेल्या आई-वडिलांच्या डोळ्यांत पाणी का येते, हे आम्ही जाणतो. दीक्षा हा शब्द आपल्या घरांत साधा नाही. तो उच्चारला की माणूस नव्याने उभा राहतो.

तेव्हा पालकांच्या प्रश्नास आमचे उत्तर हे आहे. तसबिरीतील माणूस निर्दोष होता म्हणून आम्ही वंदन करीत नाही. तो साम्राज्याचा सेनानी होता आणि त्याच्या काळाचे दोष त्याच्यात होते. पण मुलावर विश्वास टाकावा, त्याला लहान संघात जबाबदारी द्यावी, त्याच्या हातांना काम शिकवावे आणि पहिली परीक्षा अशी घ्यावी की ती देऊन तो उभा राहील, ही दृष्टी त्याने जगास दिली. ती वस्तू आम्ही पारखून घेतली आहे. पारखून घेणे हा आपल्या परंपरेचा धडाच आहे.

आयुष्याच्या अखेरीस, १९३८ मध्ये, बेडन पॉवेल केनियातील न्येरी या गावी राहावयास गेले. ८ जानेवारी १९४१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची कबर साधी आहे. तिच्या शिळेवर एक वर्तुळ आणि मधोमध एक ठिपका कोरलेला आहे. वाटेवरील खुणांच्या भाषेत त्याचा अर्थ, मी घरी परत गेलो आहे, असा होतो. आपली मुले वाटेच्या खुणा शिकतात तेव्हा शाळेमागच्या माळावर खडे मांडून हेच वर्तुळ काढतात, मधोमध एक खडा ठेवतात आणि वसतिगृहाकडे धावत सुटतात.

यंदाही ओट्यावर दोऱ्या निघाल्या आहेत. माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या सायंकाळी अवश्य यावे, खांबाजवळ बसावे आणि एखाद्या अडलेल्या मुलास बोलाइनचा फास पुन्हा एकदा दाखवावा. परीक्षेस बसणाऱ्या सर्व मुलामुलींना आमच्या मंगल कामना.